गैरसोय नव्हती ती, सुजाता

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि तुझ्यावर चार ओळी लिहायला सांगितल्या. "नेहमीच्या, नीलिमा. सगळ्यांना मेल करू. दुपारपर्यंत झालं तर बरं."

नेहमीच्या! म्हणजे 'दुःखद निधन', 'मनमिळाऊ स्वभाव' आणि 'कधीही भरून न निघणारी पोकळी'. त्या ओळी माझ्याकडे तयारच असतात, तुला ठाऊक आहे. खालचे वॉचमन गेले तेव्हा मीच त्या लिहिल्या होत्या आणि तू वाचून म्हणालेलीस, "नाव बदललंस की कुणालाही चालेल गं." मी जागेवर आले, फाइल उघडली, वॉचमनचं नाव खोडलं आणि तुझं घातलं. खरंच घातलं. 'त्यांच्या'च्या जागी 'तिच्या' करू की नको, यावर क्षणभर विचारही केला. मग स्क्रीनकडे बघवेना. फाइल बंद करून साहेबांना सांगितलं, जमणार नाही. ते म्हणाले, "समजू शकतो मी." अर्ध्या तासात दुसऱ्या कुणीतरी लिहून तो मेल गेलासुद्धा. पोकळी होतीच त्यात.

तेव्हापासून मी धुमसतेय. रडायला येतं, पण त्याआधी राग येतो. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण रागावलेल्या माणसाला पहिल्यापासूनच सांगावं लागतं.

वागळे इस्टेटमधलं आपलं ऑफिस. रुग्णांना घरी लागणारी यंत्रं भाड्याने देणारी कंपनी, आणि आपण तिच्या ग्राहक सेवा केंद्रातल्या. फोनवर कसं बोलायचं ते मी शिकवायची. फोनवर माणसं प्रत्यक्षात कशी बोलली, ते रेकॉर्डिंग ऐकून तू तपासायचीस. म्हणजे मी पेपर काढायचा आणि तू तपासायचा. आणि पहिल्याच आठवड्यात तू पेपरातच चुका काढल्यास.

माझी ती संभाषणाची पुस्तिका घेऊन तू आलेलीस. तेव्हा मला मॅडम म्हणायचीस. "मॅडम, हे 'आपण प्रतीक्षा केल्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत', हे कुणाच्या घरी बोलतात?"

मी डोंबिवलीची. शाळेत शुद्धलेखनाची बक्षिसं घेतलेली. मी म्हटलं, "शुद्ध मराठी आहे ते."

"शुद्ध आहे हो. पण परवा कल्याणच्या एक आजी आपल्या इथल्या फोनवरच्या मुलीला विचारत होत्या, बाई, तुम्ही दुकानातनं बोलताय का रेडिओवरनं?"

मला राग आला होता तुझा. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू माझ्या टेबलावर खारीचा पुडा ठेवलास आणि म्हणालीस, "आपण प्रतीक्षा केल्याबद्दल मी आपली ऋणी आहे." मी हसले, आणि संपलंच मग. तेव्हापासून लोकांसमोर तुम्ही-आम्ही आणि कॅन्टीनमध्ये तू-मी, असे आपले दोन कप्पे झाले.

आपलं भांडण मात्र अकरा वर्षं चाललं. मी म्हणायची, भाषा सुंदर हवी. तू म्हणायचीस, सुंदर नसली तरी चालेल, सरळ हवी, आणि समोरचा कोण आहे ते बघून बदलायला नको. "सभ्यपणा क्रियापदात असतो, नीलू. सांग आणि सांगा. एका कान्याचा फरक. आणि आपली पोरं तो काना माणूस बघून देतात."

बघून नाही, ऐकून. फोनवर चेहरा कुठे दिसतो? पण घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधून फोन आला की पहिल्या वाक्यात कळतं. लगेच आवाज बदलतो, 'सर', 'मॅडम', 'मी आपली काय मदत करू शकते'. आणि पलीकडून कुणी 'हालो, कोन बोलतंय' म्हणालं की हीच माणसं 'हां, बोल' म्हणतात. मला हे अकरा वर्षांत ऐकूच आलं नव्हतं. तुला पहिल्या दिवशी ऐकू आलं.

ते का, हे तू एकदाच सांगितलंस. डबा खाताना, कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. तुझे बाबा इथेच, आपल्यापासून दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभे होते. मालकाचा मुलगा त्यांच्या डोळ्यांदेखत मोठा झाला, आणि शेवटपर्यंत त्यांना 'ए' म्हणत राहिला. ए, इकडे ये. ए, हे उचल. "बाबांना नाव होतं गं," तू म्हणालीस, "पगाराच्या कागदावर छापून यायचं दर महिन्याला." मग तू भेंडीची भाजी मला वाढलीस आणि विषय संपवलास. मी 'अरेरे' म्हणाले असेन. मला तेवढंच येतं.

आता कुणी म्हणेल, तू फार सोशिक होतीस. अजिबात नव्हतीस! भाजीवाल्याशी भांडायचीस, रिक्षावाल्याशी भांडायचीस. शेजारणीच्या पाण्याच्या मोटारवरून तर तुझं वर्षभर चाललेलं. पण त्या भांडणातसुद्धा 'अहो' सुटायचं नाही. "अहो दादा, तुम्ही सरळ सरळ खोटं बोलताय," असं तू म्हणायचीस, आणि तो रिक्षावाला शिवी खाल्ल्यासारखा गप्प व्हायचा.

आणि तो घोडबंदर रोडचा गृहस्थ आठवतो? आईसाठी घेतलेला पलंग वर उचलला जात नाही म्हणून आपल्या केंद्रातल्या मुलीला फोनवर नाही नाही ते बोलत होता. ती रडायला लागली. तू तिच्या हातून फोन घेतलास आणि अगदी गोड आवाजात म्हणालीस, "साहेब, पलंग उद्या सकाळी दुरुस्त होईल. भाषा दुरुस्त करायची सोय मात्र आमच्याकडे नाही. ती तुम्हालाच करून घ्यावी लागेल." आणि आमचा अख्खा मजला टेबलाखाली तोंड लपवून हसत होता. त्याबद्दल तुला मेमो मिळाला. पलंग दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त झाला होता, ते त्या मेमोत कुठेच नव्हतं.

मग तो खडवलीचा फोन आला.

दुपारची वेळ होती. एका बाईंच्या नवऱ्याला घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेलं. फोन केतकीने घेतला. केतकी म्हणजे आपल्या केंद्रातली सगळ्यात हुशार मुलगी, मी घडवलेली, माझी लाडकी. दर महिन्याला भिंतीवर तिचा फोटो. तू दुसऱ्या दिवशी तपासताना ते रेकॉर्डिंग ऐकलंस, मग मला बोलावलंस, कानाला हेडफोन लावलास आणि समोर बसून राहिलीस.

"आवं बाई, मशीन सारखी वराडतेय. लाल बत्ती पेटलेय. मालकांना दम लागलाय, काय करू मी?"

"हां, नोंदणी क्रमांक सांग."

"त्यो काय नाय माझ्याकडं. कागद कुठं ठेवलेत मालकांनी... तुमी कुनाला तरी पाठवा ना, बाई!"

"ए बाई, ओरडू नकोस. मला ऐकू येतं. नंबर नसेल तर माझ्याकडे काही दिसणार नाही. आधी शोध, मग फोन कर."

"आवं पण..."

"फोन केल्याबद्दल धन्यवाद. आपला दिवस शुभ असो."

मी हेडफोन काढला. तू तपासणीचा तक्ता माझ्यापुढे सरकवलास. मीच तयार केलेला तक्ता. नमस्कार केला का? हो. नोंदणी क्रमांक विचारला का? हो. आभार मानले का? हो. दिवस शुभ चिंतला का? हो. सगळ्या खुणा बरोबर. 'ए बाई' नोंदवायला त्यात चौकटच नव्हती.

"यात ती नापास होत नाही," तू म्हणालीस. "मी तीनदा करून बघितलं."

तू लगेच खडवलीला फोन लावलास. त्या बाईंनी कागद शोधून काढला होता, पत्र्याच्या पेटीत तळाशी. पुन्हा फोन केला तर 'कृपया प्रतीक्षा करा'ची धून लागली. शेवटी गावातल्या टेंपोत घालून नवऱ्याला कल्याणच्या सरकारी दवाखान्यात नेलं. जीव वाचला होता, पण माणूस अजून तिथेच होता, नाकाला नळी लावून.

तू फोन ठेवलास तेव्हा तुझा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. "तिने माझी माफी मागितली, नीलू. म्हणाली, माझंच चुकलं बाई, मी वरडले. ती. आपली. माफी मागते."

साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. "माणूस वाचलाय ना? मग वाढवू नका. एक चांगलंसं दिलगिरीचं पत्र पाठवून द्या. नीलिमा, तुम्ही लिहा." मी लिहिलं. छान लिहिलं. 'सदर प्रसंगी आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' तुझ्या सहीसाठी तुझ्याकडे आणलं, कारण तक्रारी तुझ्या सहीने बंद व्हायच्या.

तू वाचलंस. "गैरसोय?" तू म्हणालीस. "नळाला पाणी नाही आलं तर गैरसोय होते, नीलू. लिफ्ट बंद पडली तर होते. हा माणूस गुदमरत होता."

"अगं, अशा पत्रांची भाषा ठरलेली असते. चूक कबूल केली की उद्या कोर्टात..."

"मग माफी कशाला मागायची? गप्प बसूया की. हे काय, तोंडाला पावडर लावून गप्प बसणं?"

तू सही केली नाहीस. तुझं तू लिहिलंस, चार वाक्यं. आज माझ्याकडे त्याची प्रत आहे म्हणून जसंच्या तसं उतरवते. 'तुम्ही मदतीसाठी फोन केला तेव्हा आमच्या माणसाने तुम्हाला अरे-तुरे केलं आणि मदत न करता फोन ठेवला. चूक आमची आहे, तुमची काहीच नाही. तुम्ही ओरडलात ते बरोबर केलंत. नवं मशीन मी स्वतः सोबत घेऊन येत आहे आणि पुढच्या वेळी थेट माझ्याशी बोलता येईल असा नंबर खाली लिहिला आहे.'

रविवारी तू मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला घेऊन खडवलीला गेलीस. मला विचारलं होतंस, येतेस का? मी म्हटलं, घरी पाहुणे आहेत. पाहुणे संध्याकाळी येणार होते. यायला जमलं असतं मला.

सोमवारी कॅन्टीनमध्ये तू सांगितलंस. बाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून तू पत्र ओट्यावर बसून मोठ्याने वाचलंस. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग शेजारच्या दोन बायकांना हाक मारली आणि तिसऱ्यांदा वाचायला लावलं. 'तुम्ही ओरडलात ते बरोबर केलंत' हे वाक्य आलं की दर वेळी त्या शेजारणींकडे बघायच्या. "मी गेलेले माफी मागायला," तू म्हणालीस, "आणि मला तिथं फणसाची भाजी नि भाकरी. बसवून जेवायला घातलं." तुझा चेहरा इतका उजळलेला होता! मला हेवा वाटला तुझा. ते मी तुला सांगितलं नाही.

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी त्या पत्राचा फोटो काढला. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता, उलट बघा असं पत्र येतं म्हणून चार जणींना दाखवायला. तो फोटो फिरत फिरत आपल्या साहेबांच्या फोनवर आला.

आणि मग ती बैठक झाली. तुला बाहेर बसवलं होतं. आत साहेब, मनुष्यबळ विभागाच्या मॅडम आणि मी. केतकीने 'ए बाई' म्हटलं, हा तिथे विषयच नव्हता. विषय होता, लेखी चूक कबूल करून तू कंपनीला अडचणीत आणलंस. सगळे इतके शांत, इतके सभ्य बोलत होते, सुजाता! एकाचाही आवाज चढला नाही. पाण्याचे ग्लास झाकलेले होते. आणि मला विचारलं, "नीलिमा, तुम्ही त्यांना जवळून ओळखता. तुमचं मत?"

आता इथे मला थांबावंसं वाटतंय. गेले आठ महिने इथेच थांबत आले. पण तुला उद्देशून लिहायला बसले आणि हेच गाळलं, तर साहेबांच्या चार ओळींत आणि यात फरक काय?

मी म्हणाले, "सुजाताचा हेतू चांगला आहे. पण ती थोडी भावनाप्रधान आहे. तिच्या पार्श्वभूमीमुळे अशा गोष्टी ती जास्त मनाला लावून घेते."

पार्श्वभूमी. किती नीटनेटका शब्द निवडला मी! कुणाला ओरखडाही दिसू नये असा. तुझी जात, तुझे बाबा, ती लेथ, ते 'ए', भेंडीची भाजी वाढता वाढता तू विश्वासाने माझ्या हातात ठेवलेलं सगळं मी त्या एका शब्दात गुंडाळलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांना तेच हवं होतं. मॅडमनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. केतकीने निदान समोरच्या बाईला तोंडावर 'ए' म्हटलं. मी तुला पाठीमागे 'ए' म्हटलं, अहो-जाहो करून.

निर्णय झाला. तुला फोन तपासण्यातून काढलं आणि खालच्या मजल्यावर ईमेल निवडायला बसवलं. पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या अनुभवाचा अधिक व्यापक उपयोग व्हावा या दृष्टीने.' ते पत्रही मीच तपासून दिलं होतं. एक वेलांटी दुरुस्त केली.

त्यानंतर तू मला कॅन्टीनमध्येही 'तुम्ही' म्हणायला लागलीस. "बसा ना." "तुम्ही चहा घेणार का?" मी स्वतःला सांगितलं, आजूबाजूला माणसं असतात म्हणून. मग कधी माणसं नसायची, तरी 'तुम्ही'च. मला कळत होतं. पण विचारायला तोंड नव्हतं. आणि तू इतकी हसून बोलायचीस, डब्यातलं द्यायचीस, माझ्या मुलीची बारावी विचारायचीस, की कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हणालं असतं, किती छान मैत्री आहे दोघींची.

तुझ्यावरही माझा राग आहे, सुजाता. आज सगळ्यांवर आहे तर तुझ्यावर का नसावा? तू ओरडायला हवं होतंस. खडवलीच्या बाईंना तू लिहिलंस ना, ओरडलात ते बरोबर केलंत? मग तू का नाही ओरडलीस माझ्यावर, भर कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर? मी ते ऐकून घेतलं असतं. निदान असं मला आज वाटतं.

शेवटच्या त्या अकरा दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. आजार काय, कसा, ते कागदांवर आहे. पण दवाखान्यातला पहिला दिवस लिहिणार. काऊंटरवर तुझे बाबा उभे होते, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, हातात फाइल. आतला तरणाबांड माणूस स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "ए बाबा, सांगितलं ना बाजूला बस. बोलावतो." मी पुढे झाले. माझ्या खांद्याला पर्स, डोक्यावर गॉगल सरकवलेला. तोच माणूस मान वर करून म्हणाला, "बोला मॅडम, आपल्याला काय हवंय?" त्याच तोंडाने. दोन क्षणांच्या अंतराने. त्याच्या डोक्यावर भिंतीला पाटी होती, 'रुग्णसेवा हीच आमची संस्कृती'.

मी काय केलं? फाइल पुढे केली. म्हटलं, आपलं काम होऊ दे आधी.

तू मागे स्ट्रेचरवर होतीस. डोळे पिवळे, ओठ सुकलेले. मला वाटलं झोपलीयेस. तू कोपरावर उठायला बघितलंस आणि त्या माणसाला म्हणालीस, "दादा, ते माझे वडील आहेत. त्यांना 'तुम्ही' म्हणा. त्यांचं नाव फाइलवर आहे." त्याला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणालीस. एवढ्याने तुला धाप लागली. तो गडबडला, म्हणाला, "हो ताई, तसं काही नव्हतं मनात." कुणाच्याच मनात तसं काही नसतं! जिभेवर मात्र असतंच.

ज्या माणसाला उठून बसवत नव्हतं, त्याने ते करायचं, आणि मी, धडधाकट, दोन पायांवर उभी, फाइल पुढे करायची. हे आपल्या दोघींमधलं शेवटचं काही म्हणावं असं. त्यानंतर तू फारसं बोलली नाहीस.

तुझ्यावरच्या त्या मेलसाठी मी काही लिहिलं नाही, पण दुसरं एक लिहिलं. त्या बैठकीच्या इतिवृत्तासाठी. 'सुजाता यांच्या पार्श्वभूमीविषयी मी जे बोलले ते खोटं होतं आणि अपमान करणारं होतं. त्यांचं पत्र योग्य होतं, माझं पत्र अयोग्य होतं. हे नोंदीत घ्यावं. तक्त्यात अरे-तुरे नोंदवायची चौकट घालावी, आणि तसं बोलणारा तिथेच नापास धरावा.' खाली सही. मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी वाचून म्हटलं, "आपल्या भावनांचा आम्हाला आदर आहे." मी म्हटलं, भावना नाहीत त्या, निवेदन आहे, पोच द्या. पोच दिली. पुढे काय होईल ते ठाऊक नाही. चौकट मात्र मी वाट न बघता घातली, तक्ता माझाच आहे. पहिल्याच दिवशी त्यात सहा जण नापास झाले. केतकी त्यात होती. ती रडली, आणि मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही आम्हाला हे कधी शिकवलंच नव्हतं." खरं होतं तिचं.

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. खाली मंडपात खुर्च्या, पुढे मेणबत्त्या, तुझा तो निळ्या साडीतला फोटो. साहेब आले होते. दोन मिनिटं बोलले, चांगलं बोलले. त्यांनी 'पोकळी' म्हटलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी डोळे पुसले आणि मला स्वतःच्या धंद्याची शिसारी आली. मी उठून काही बोलेन असं घरून ठरवून निघाले होते. नाही बोलले. तिथे बोलले असते तर ते भाषण झालं असतं, आणि भाषण मला फार चांगलं करता येतं.

सगळे गेल्यावर वर तुमच्या घरी गेले. बाबा एकटे खिडकीपाशी बसलेले. मी नमस्कार म्हटलं, ते जयभीम म्हणाले, समोरची खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. बैठक, तो शब्द, जसाच्या तसा. 'चुकून', 'गडबडीत', 'दबावाखाली' यातला एकही शब्द वापरला नाही.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "त्या बैठकीत लिहून घेतलेला कागद तिच्या हाती लागला त्याच दिवशी घरी आणलेला तिने. मला वाचून दाखवला."

"मग ती मला का नाही बोलली, बाबा? आठ महिने रोज आम्ही समोरासमोर जेवलो."

"मीपण तेच म्हटलं तिला. म्हटलं, जा, भांड. मैत्रीण आहे तुझी." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. "ती म्हणाली, बाबा, मी बोलले की ती लगेच माफी मागेल. तिला ते फार छान येतं. मग मला 'असू दे' म्हणावं लागेल. आणि मला अजून 'असू दे' म्हणायचं नाही."

मी खाली बसले. खिडकीबाहेर मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते, त्याचा आवाज येत होता. बाबा उठले, आत गेले, दोन कप चहा घेऊन आले. "घ्या," म्हणाले. त्या चहाला मी पात्र नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि तरीही तो बशीसकट, कपाचा कान माझ्याकडे करून ठेवला गेला.

चहा अर्धा झाल्यावर मी विचारलं, "नंतर कधी... शेवटी दवाखान्यात वगैरे... माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

ते विचार करत राहिले. खोटं बोलायला तेवढा वेळ पुरला असता. आपल्या ऑफिसातल्या कुणालाही पुरला असता. 'तुमची आठवण काढायची हो', एवढं म्हटलं असतं तरी मी ते घट्ट धरून जन्मभर जगले असते. कुणाचं काय बिघडलं असतं?

"नाही," ते म्हणाले. "काही नाही म्हणाली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बनवून सांगणं मला जमायचं नाही, ताई."

मी मान हलवली. चहा संपवला, दोन्ही कप आत नेऊन विसळले, पालथे घातले आणि निघाले. दारात त्यांनी दिवा लावला, जिन्यात अंधार असतो म्हणून. अर्ध्या जिन्यात मला रडू फुटलं, सुजाता, तू गेल्यानंतर पहिल्यांदाच धड रडू. इतक्या आदराने 'नाही' मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.